पाटाकाठची हॅट

डॉक्टर आरान्सिबिया यांच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही, त्यानंतर आमच्याकडे मका दुसऱ्यांदा तुऱ्यावर आला. पत्र साधंच होतं. साबिनो कसा बरा झाला, त्याच्यावर नेमका काय उपचार झाला आणि तो कोणी केला, हे सविस्तर कळवावं, असं बाईंनी विचारलं होतं. शहरातल्या मोठ्या तुरुंगात त्यांच्याकडे आणखी तीन माणसं भिंतीकडे तोंड करून बसलेली होती. शेवटी त्यांनी लिहिलं होतं, ‘तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला नीट मांडता येईल.’

तिथेच माझं अडलं. उभा जन्म मी मुलांना निबंध घातले, पण स्वतः लिहिलेलं पान दुसऱ्या दिवशी वाचून मला कधी बरं वाटलं नाही. पहिल्या मसुद्यात मी सगळं श्रेय गोळ्यांना दिलं. ते खोटं वाटलं. दुसऱ्यात त्याच्या बायकोला, बासिलियाला दिलं, ते अर्धं वाटलं. तिसऱ्यात हॅटचा उल्लेख आला आणि कागद मी चुलीत घातला. शिकलेल्या बाईला हॅटचं कसं सांगायचं?

म्हणून आधी हे इथे, जसं घडलं तसं लिहून पाहतो.

साबिनो आणि तिबुर्सियो माझ्या शाळेत एकाच बाकावर बसायचे. पुढे दोघांना बापांच्या जमिनी मिळाल्या त्याही शेजारी-शेजारी, आणि मधून एकच पाट. आमच्या सुन्चुमायूच्या खोऱ्यात कोरड्या दिवसांत पाणी पाळीने मिळतं. ज्याची पाळी, तो वेळ-काळ न बघता फावडं घेऊन दारं धरायला, म्हणजे पाणी आपल्या शेतात वळवायला जातो. त्या सप्टेंबरात डोंगरातला झरा बोटाएवढा झाला होता. एका रात्री तिबुर्सियोची पाळी संपत आली होती, साबिनोची लागायची होती, आणि दोघांचाही मका माना टाकत होता. आधी शब्द झाले, मग साबिनोचं फावडं उठलं. फावड्याची चपटी बाजू तिबुर्सियोच्या खांद्यावर बसली. तो पाटात पालथा पडला, डोकं दगडावर आपटलं. कंदिलाच्या उजेडात पाणी लाल होतंय आणि माणूस हलत नाही, एवढंच साबिनोने पाहिलं.

तिबुर्सियो मेला नाही. त्याचा डावा हात मात्र आखडला. छातीपर्यंत कसाबसा यायचा, आणि बोटांत पकड राहिली नाही. साबिनोला पोलिसांनी तालुक्याच्या तुरुंगात नेऊन ठेवलं. खटला उभा राहील तेव्हा राहील.

हा तुरुंग म्हणजे कातडी कमावायचा जुना कारखाना. मधे अंगण, भोवती खोल्या, आणि पाऊस पडला की भिंतींना अजून कातड्याचा वास सुटतो. निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातून दोनदा तिथे कैद्यांना अक्षरं शिकवायला जातो. मला माणसांत बोलता येत नाही. तिथली माणसं उठून जाऊ शकत नाहीत, एवढाच माझ्या शिकवण्याला आधार.

मन बिघडणं तिथे नवं नव्हतं. एक जण दिवसभर एकच कोपरा झाडायचा. दुसरा संध्याकाळी कुलूप लागलं की रडायचा आणि सकाळी खोलीतल्या सगळ्यांची माफी मागायचा. साबिनोचं आणखीच वेगळं. त्याने पिठाच्या पोत्याच्या चिंध्या फाडल्या, मुठी वळल्या आणि दोन्ही हात मनगटाच्या वरपर्यंत गुंडाळून टाकले. गाठी दुसऱ्या कैद्याकडून मारून घेतल्या. कोणी सोडायला गेलं की भिंतीवर डोकं आपटायचा. या हातांनी माणूस मारलाय, हे मोकळे ठेवायचे नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. तिबुर्सियो जिवंत आहे हे त्याला तुरुंगाधिकाऱ्याने सांगितलं, बासिलियाने सांगितलं, पाद्रीबाबांनी शपथेवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, तुम्ही चांगली माणसं आहात म्हणून खोटं बोलताय.

मी एकदा कोर्टाचा कागद घेऊन गेलो. फिर्यादी म्हणून त्यावर तिबुर्सियोची सही होती. मी बोट ठेवून वाचून दाखवलं.

“प्रोफे,” साबिनो म्हणाला, मास्तरांना इथे असंच म्हणतात, “कागदावर तर तुम्ही मला तिसरी पास असंही लिहिलं होतं.”

अंगणातले सगळे हसले. तो हसला नाही. कागदाची घडी घालून मी परत आलो. तो म्हणत होता ते खरंच होतं.

डॉक्टर आरान्सिबिया महिन्यातून एकदा यायच्या. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांनी त्याला थोडी झोप लागू लागली. पण जेवण मात्र बासिलियाने भरवलं तरच. जानेवारीच्या भेटीत बाईंनी तिला जवळ बसवून सांगितलं की पुढच्या खेपेला हा आपल्या हाताने जेवत नसेल, तर याला शहरातल्या इस्पितळात हलवावं लागेल; इथे याच्याकडे बघायला कोणी नाही. बोलताना त्यांचाही चेहरा उतरला होता. पुढची खेप म्हणजे कार्निव्हलच्या आधीचा शुक्रवार. शहर खिंडीपलीकडे, बसने दिवस आणि रात्र. बासिलियाचं शेत इथे, पाठीवरची पोर इथे. आमच्यातल्या एकाला पूर्वी असंच नेलं होतं. त्याची बायको दोनदा जाऊन आली, मग तिचं जाणं झालं नाही.

तो आठवडा बटाटे काढायचा होता. पावसाने सऱ्या भरल्या होत्या. आणखी दहा-बारा दिवस कंद जमिनीत राहिले असते तर सडले असते. एरवी आमच्याकडे सावड असते, आज माझ्या शेतात तर उद्या तुझ्या. पण फावड्याच्या त्या रात्रीनंतर निम्मी गल्ली तिबुर्सियोकडची झाली होती आणि उरलेल्या निम्मीला कोणाचंच मन मोडायचं नव्हतं. म्हणून बासिलिया एकटी खणत होती. धुकं उठायच्या आत ती शेतात असे, पोर पाठीला बांधलेली, परकर गुडघ्यापर्यंत खोचलेला. कुदळ मारायची, वरंबा उलथायचा, चिखलातून बोटांनी कंद चाचपून काढायचे. वाकून वाकून तिची पाठ दुपारपर्यंत सरळ होत नसे. सोमवारी मीही गेलो. माझ्या कुदळीखाली निघालेला प्रत्येक बटाटा दोन तुकडे होऊन निघत होता.

“प्रोफे, तुम्ही बटाटे काढताय की मारताय?” तिने वळूनही न बघता विचारलं. पाठीवरची पोर हसली. तिला काही कळलं नव्हतं, पण आई हसत असली की ती हसायची. माझे कापलेले बटाटे बासिलियाने त्या दिवसाच्या हंडीत घातले आणि वर म्हणाली की तेवढाच सोलायचा त्रास वाचला.

हंडी घेऊन आम्ही चालत तुरुंगाला गेलो. फाटकावर हवालदार रुफिनो असायचा. रुफिनो आमच्याच खोऱ्यातला, जाडजूड, आणि नियमाचा इतका पक्का की स्वतःच्या आईलाही त्याने एकदा झडती घेऊनच आत सोडलं होतं. त्याने हंडीत काठी घालून ढवळली. मग आत जाणाऱ्याच्या हातावर मारायचा तो जांभळा शिक्का उचलला, बासिलियाचा हात वर धरला, आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला की चिखलावर शाई धरत नाही. तिने हात परकराला घासला. पुन्हा घासला. तिसऱ्यांदा त्याने शिक्का मारला तोवर रांगेतल्या बायका दुसरीकडे बघू लागल्या होत्या.

साबिनोने पाखरासारखं तोंड उघडलं आणि तिने चमच्याने भरवलं. खाता खाता तो बटाट्यांची चौकशी करत होता: खालच्या वाफ्यातले निघाले का, कीड आहे का, बियाणं बाजूला काढ. सगळं शहाण्यासारखं. पोर त्याच्या मांडीवर चढायला बघायची, तेव्हा तो दोन्ही हात डोक्यावर धरून मागे सरकायचा.

त्याच संध्याकाळी बासिलिया तिबुर्सियोच्या दारी गेली. सोबत मी, आणि निवडक बटाट्यांची टोपली. एकदा येऊन त्याला तोंड दाखव, एवढंच मागणं होतं. तिबुर्सियोची बायको दोमिंगा दारातच उभी राहिली. आतून तिबुर्सियोचा आवाज आला की सुटण्यासाठी वेडाचं सोंग काढणारे त्याने पुष्कळ पाहिलेत; हा हात डोक्याच्या वर गेला की त्याच दिवशी येईन. दोमिंगाने टोपली परत दिली. परत येताना बासिलिया टोपली कमरेवर घेऊन पुढे चालत होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण सुचलं ते सगळं पुस्तकातलं होतं.

मग आसुन्ताम्हातारीला बोलावलं. ती मोडलेली हाडं बसवते, पोरांची दृष्ट काढते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिला नवल वाटलं ते इतके महिने कोणाला सुचलं कसं नाही याचंच. माणूस दचकला की त्याचा जीव तिथेच राहतो. हे आमच्याकडे पोरासोरांना माहीत असतं. साबिनोचा जीव पाटावर बसून राहिला होता, तुरुंगात होता तो नुसता देह. त्याच्या अंगावरची वस्तू पाटावर न्यायची, तिथली चिमूटभर माती तिच्यात घालायची, आणि नावाने हाका मारत, मागे न बघता जीव घेऊन यायचा. वस्तू होतीच. भांडणाच्या रात्री शेजाऱ्यांनी कंदिलाच्या उजेडात पाटाकाठची हॅट उचलून बासिलियाला दिली होती. तपकिरी, दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची, जत्रेत मिळते तसली. तेव्हापासून ती खुंटीला होती.

प्रश्न हाका मारायचा. त्याचं नाव सगळ्यात जास्त वेळा घेतलेला माणूस पाहिजे, आसुन्ता म्हणाली. आई वारलेली. बासिलिया त्याला नावाने हाक मारत नाही. सगळे माझ्याकडे बघू लागले. शाळेत रोज सकाळी हजेरी मी घेत होतो.

मंगळवारी, खोऱ्यात सगळे बटाटे काढत असताना, मी पाटावरून तुरुंगापर्यंत साबिनोच्या नावाने ओरडत गेलो. मला ओरडता येत नाही. पहिली हाक आसुन्ताच्या मते बेडकालाही ऐकू गेली नसती. मग मी डोळे मिटले आणि हजेरीच्या सुरात म्हणालो, “मामानी चोके, साबिनो.” आधी आडनावं, मग नाव. शेतांतून माणसं कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझे जुने विद्यार्थी होते त्यांत. एका वावरातून कोणीतरी “हजर, प्रोफे” असं ओरडलं, आणि हसण्याची लाट पार ओढ्यापर्यंत गेली. बासिलिया हॅट उराशी धरून पुढे चालत होती. तिचे खांदेही हलत होते. कित्येक महिन्यांनी ती इतकी हसत होती, म्हणून मी आणखी मोठ्याने ओरडलो.

फाटकावर रुफिनोने अडवलं. आत काय नेताय, त्याने विचारलं. आसुन्ताने खरं ते सांगितलं. रुफिनोने टोपी मागे सरकवून विचार केला. तो आमच्यातलाच, जीव आत नेऊ नका असं म्हणायची त्याची छाती झाली नसती. पण शिक्क्याशिवाय आत काही गेलं तर तेही त्याच्या अंगावर आलं असतं. शेवटी त्याने हॅट उलटी केली आणि आतल्या पट्टीवर जांभळा शिक्का मारला.

“जायचंय तेव्हा जाऊ दे,” तो म्हणाला, “पण आलाय तो रीतसर.”

झालं मात्र उलटंच. हॅट डोक्यावर ठेवली तशी ती साबिनोच्या कानांवर उतरली. त्याने श्वास घेतला, आणि गुंडाळलेल्या हातांनी ती अशी उडवली जशी आत गांधीलमाशी असावी. “हिला मेलेल्याचा वास येतोय,” तो म्हणाला. बुधवारी त्याने बासिलियाच्या हातूनही खाल्लं नाही. हॅट त्याच्यापुढे हातभर अंतरावर पडून होती. तो तिच्याकडे बघत राही, उचलूही देत नसे. आसुन्ता म्हणाली जिवाला बसायला वेळ लागतो. तुरुंगाधिकाऱ्याने शुक्रवारच्या गाडीची व्यवस्था करायला सांगितली. बासिलियाने त्या दिवशी त्याचे कपडे धुतले, आणि इस्पितळात नेण्यासाठी एका गाठोड्यात बांधून ठेवले. 

इकडे खोऱ्यात काय चाललंय ते आम्हाला मागाहून कळलं. मंगळवारी संध्याकाळी चिचा, म्हणजे मक्याची दारू, प्यायला बसलेल्या मंडळींत माझ्या हजेरीची नक्कल झाली. सगळे हसले, तिबुर्सियोही हसला. मग नक्कल करणारा म्हणाला की बासिलियाच्या हातातल्या हॅटच्या कडेला जळल्याचा डाग होता. तिबुर्सियोचं हसणं थांबलं. त्याची हॅट एकदा चुलीत पडली होती. त्याने डोक्यावरची हॅट काढून फिरवून फिरवून पाहिली. डाग नव्हता. भांडणाच्या रात्री अंधारात दोघांच्या हॅट बदलल्या गेल्या होत्या. पाच महिने ती त्याच्या डोक्यावर भिंतीवर कोंबडी बसावी तशी बसत होती, आणि त्याची समजूत अशी की पाटात पडल्यापासून आपलं डोकं सुजलंय.

म्हणजे पाटावरून बोलावून नेला तो त्याचा जीव. नेला, आणि तुरुंगात टाकला.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. बुधवारी घास उतरला नाही. आणि तिबुर्सियो हा असा माणूस की लग्नात त्याच्या शेजारी जेवायला बसायला लोक तयार नसतात, आपल्या ताटात काही उरत नाही म्हणून. पाय लटपटायला लागले. गुरुवारी दुपारी तो गाढवावर बसून तुरुंगाच्या फाटकाशी आला, मागून दोमिंगा चालत. रुफिनोने विचारलं, कोणाला भेटायचंय. तिबुर्सियो म्हणाला, माझ्या जिवाला. रुफिनो म्हणाला की भेट फक्त जवळच्या नातेवाइकांना. यावर तिबुर्सियो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही, पण त्याच्या हातावर शिक्का बसला.

मी त्या वेळी अंगणातच होतो, फळ्यावर अक्षरं काढत. साबिनो भिंतीशी, बासिलिया त्याच्या शेजारी, मधे उकडलेल्या बटाट्यांची झाकलेली हंडी. तिबुर्सियो समोर येऊन उभा राहिला. साबिनोने वर पाहिलं आणि तो घाबरला नाही. तो घाबरला नाही याचीच मला भीती वाटली. त्याने सरकून शेजारी जागा केली, जशी आम्ही मृतांच्या सणाला गेलेल्या माणसांसाठी ताटापाशी करतो.

“आलास,” तो म्हणाला. “बस. लांबून आलायस.”

“माझी हॅट दे, गाढवा.”

साबिनो हळूच बासिलियाला म्हणाला की याला काहीतरी वाढ, मेलेल्यांना वाटेत फार भूक लागते.

तिबुर्सियो त्याच्याकडे बघत राहिला. हे सोंग नाही हे त्याला तेव्हा कळलं असावं, कारण तो मुकाट्याने खाली बसला. मग त्याला राग आला, आपल्याला मेलेलं समजल्याचा. त्याने हातावरचा ताजा शिक्का दाखवला. साबिनो म्हणाला, रुफिनोने परवा हॅटलाही मारला होता. फाटकाशी रुफिनो एकदम कुलूप तपासू लागला. तिबुर्सियोने सदरा खाली ओढून खांदा दाखवला. साबिनोने मान हलवली. मेलेल्याला जखम असायचीच. त्याने काहीही दाखवलं तरी ते साबिनोच्या मेलेल्या माणसात बेमालूम बसत होतं. माझ्या हातात खडू होता आणि तो मी नकळत मोडला.

“आणि एक सांगून ठेवतो,” तिबुर्सियो शेवटी वैतागून म्हणाला. “त्या रात्रीची माझी अर्धी पाळी राहिलीय. मका वाळला माझा. येत्या सप्टेंबरात ती मला पाहिजे. तुझ्या वाट्यातून.”

“अर्धी कुठली? जराशीच राहिली होती.”

“अर्धी.”

“पाळी बदलायची चांदणी सुळक्यावर आली होती.”

“आभाळ भरलं होतं त्या रात्री. चांदणी कुठून आणलीस?”

“आभाळ भरलं असतं तर पाण्यावरून भांडलो असतो का?”

  साबिनोच्या कपाळावर आठ्या पडल्या, शाळेत हिशेब घातल्यावर पडायच्या तशाच. बराच वेळ तो तिबुर्सियोच्या तोंडाकडे बघत होता. मग तो माझ्याकडे वळला आणि वर्गात उत्तर द्यावं तसा म्हणाला, “मेलेला माणूस पाण्याची पाळी मागत नाही.”

“बरोबर,” मी म्हणालो.

 बासिलियाने हंडीचं झाकण काढलं, वाफ वर आली, आणि तिबुर्सियोची दोन दिवसांची भूक एकदम जागी झाली. आमच्याकडे बटाटा सालीसकट उकडतात आणि नखांनी सोलून खातात; त्याला दोन हात लागतात. तिबुर्सियोने उजव्या हाताने एक उचलला, डाव्या हाताच्या सुन्न बोटांत अडकवला आणि सोलायला गेला. बटाटा मातीत पडला. दुसरा घेतला. तोही पडला. घरी हे काम दोमिंगा करते. ती पुढे झाली, तेव्हा बासिलियाने तिचा परकर धरून तिला मागे ओढलं.

साबिनो त्या हाताकडे बघत होता. त्याने आपली मूठ तोंडाशी नेली आणि गाठ दातांनी ओढली. ती सुटेना. जुनी, मळाने घट्ट झालेली गाठ. तो कुत्र्यासारखा तिला चावत राहिला, आणि मग पट्टी सुटून लोंबली. आतले हात जमिनीखालच्या कोंबांसारखे पांढरे होते, नखं वाढून तळव्यात रुतलेली, वास उग्र. बोटं उलगडताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखण्याने असेल. त्याने हंडीतला बटाटा घेतला, भाजला म्हणून एका हातातून दुसऱ्या हातात टाकला, आणि सोलू लागला. साल निघाली. त्यावर मीठ लावून त्याने तो तिबुर्सियोच्या उजव्या हातात ठेवला.

“कच्चा आहे,” तिबुर्सियो खाता खाता म्हणाला.

साबिनोने दुसरा सोलला. तिसरा सोलला. सोलता सोलता एक त्याने, विचार न करता, स्वतःच्या तोंडात टाकला. अंगणातली सगळी माणसं तेव्हा दुसरीकडे बघत होती, जसं कोणी उघड्यावर अंघोळ करत असलं की बघतात. कोपरा झाडणारा तेवढा आला आणि साली झाडून घेऊन गेला.

मग हॅटची अदलाबदल झाली. तिबुर्सियोने आपली डोक्यावर दाबून बसवली, आतला जांभळा शिक्का पाहून रुफिनोला आणखी एक शिवी दिली, आणि पाय आता लटपटत नाहीत असं जाहीर केलं.

शुक्रवारी डॉक्टर आरान्सिबिया आल्या तेव्हा साबिनो स्वयंपाकघराच्या पायरीवर सगळ्या तुरुंगासाठी बटाटे सोलत बसला होता. त्यांनी त्याच्याशी दार लावून बराच वेळ बोलून घेतलं. गोळ्या बंद करू नकोस म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या, आणि गाडी रिकामी परत गेली. बासिलियाने ते गाठोडं सोडलं आणि धुतलेला सदरा त्याला तिथल्या तिथे घालायला लावला.

कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे जे पोट भरतं त्याला सजवतात. त्या सकाळी तिबुर्सियो आपली माणसं घेऊन बासिलियाच्या शेतात आला. न बोलता सावड झाली. दोमिंगाने तर एकटीने दोन सऱ्या उलथल्या. दुपारपर्यंत शेवटचा कंद निघाला. कुदळींना रंगीत कागदांच्या पट्ट्या बांधल्या, पाटावर फुलं टाकली, चिचा शिंपडली, आणि उरलेली चिचा, फुलं आणि माणसं घेऊन आम्ही तुरुंगाला गेलो. तिथे पळी सजली, झाडू सजला. कोणीतरी रुफिनोच्या शिक्क्यालाही लाल पट्टी बांधली होती आणि तो ती सोडत नव्हता. ढोल वाजला. साबिनोने नखं कापली होती. बासिलियाने फाटकाशी परकराला घासला होता तसे त्याने हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि बासिलियाच्या पाठीवरून पोर सोडवून घेतली. पोरीने त्याच्या नाकाला धरलं. तिला घेऊन तो फेरात शिरला आणि ढोल थांबेपर्यंत बाहेर आला नाही. मला नाचता येत नाही. माझी बाही कोणी ओढली ते मी पाहिलं नाही, पण मी फेरात होतो.

पुढे तिबुर्सियोने फिर्याद मागे घेतली, साबिनो घरी आला. सप्टेंबरात पहिली पाळी त्याने तिबुर्सियोला दिली. किती द्यायची यावरून दोघं पाटावर सकाळपर्यंत भांडत होते असं ऐकलं. साबिनो अजून गोळ्या घेतो. काही रात्री त्याच्या मुठी आपोआप वळतात, तेव्हा बासिलिया त्याच्या हातात शेंगा सोलायला देते.

परवा साबिनो आणि तिबुर्सियो माझ्याकडे आले होते, साबिनोच्या पोरीला शाळेत कधी घालायचं ते विचारायला. मेजावरचे फाटके मसुदे पाहून त्यांनी विचारलं, आणि मी शेवटी पत्राचं सांगितलं. वाचून दाखवलं. तिबुर्सियो हसला. साबिनो हसला नाही. शहरातल्या त्या तिघांनी काय केलंय म्हणतात, त्याने विचारलं. आणि त्यांच्याकडे कोण येतं. पत्रात ते नव्हतं. तो उठून दारात जाऊन उभा राहिला. मग म्हणाला की चार दिवसांत बटाटे निघतील, मग आपण जाऊन येऊ. तिबुर्सियो म्हणाला, जा की. साबिनो म्हणाला, तू नसलास तर मी माणूस मारला नव्हता हे त्यांना कोण सांगणार? यावर तिबुर्सियोने बसमध्ये खिडकीची जागा मागितली.

ते गेल्यावर मी एका बैठकीत उत्तर लिहिलं. ते असं:

‘डॉक्टरीणबाई, उपचार काय झाला ते मला नीट सांगता येत नाही. गोळ्या होत्या, बायको होती, एक हॅट होती. कशाने किती झालं, मला ठरवता आलं नाही. येत्या शुक्रवारच्या बसने साबिनो आणि तिबुर्सियो तुमच्याकडे येत आहेत. त्यांना आत सोडावं आणि त्या तिघांजवळ बसू द्यावं. दोघं आपसांत भांडतील, ते भांडू द्यावं. बटाटे सोबत आहेत. उकडायची सोय तेवढी तुमच्याकडे असावी.’

आमच्याकडे टपाल बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतात. सही केल्यावर मी पत्र पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर ते घरीच राहिलं असतं. ड्रायव्हरने ते काचेपाशी खोचलं आणि बस सुटली. वळणाआड जाईपर्यंत मी रस्त्यावर उभा होतो, आता मागे धावलो तरी गाठता येणार नाही याची खात्री होईपर्यंत.